राणीमाशीची पारख

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील पावणे हे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर येतात ते रासायनिक कारखाने, गोदामे आणि टँकरच्या रांगा. मधमाशीच्या दृष्टीने पाहिले, तर मात्र हाच परिसर वेगळा दिसू लागतो. पश्चिमेला ठाणे खाडीच्या काठची तिवरांची दाटी, पूर्वेला पारसिकची डोंगररांग, आणि या दोहोंच्या मधे कारखान्यांच्या आवारांत व रस्त्यांच्या कडेला वाढलेली करंज, सोनमोहर, नारळ, शेवगा, निलगिरी अशी झाडे. कुंपणावर कोठे आइसक्रीमची वेलही चढलेली असते. तिवराची फुले दिसायला क्षुल्लक, पिवळसर केशरी; परंतु उन्हाळ्यात ती फुलली की मधमाश्यांना त्यांच्याइतकी जवळची मेजवानी नाही. तेव्हा अशा औद्योगिक पट्ट्यात एखाद्याने छंद म्हणून एक-दोन मधपेट्या ठेवल्या, तर माश्यांना पोट भरता येणार नाही असे म्हणता येत नाही.

मधपेटी ठेवू पाहणारा शहरी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'मध किती मिळेल?' हा. दुसरा प्रश्न 'चावतात का हो?' हा असतो. वास्तविक या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे एकाच जिवावर अवलंबून असते, आणि तो जीव म्हणजे पेटीतली राणी. वसाहतीतल्या पंधरा-वीस हजार कामकरी माश्या तिच्याच लेकी. त्यांचा स्वभाव, रोगाशी झगडण्याची त्यांची ताकद, उपासमारीच्या दिवसांत तग धरण्याची किंवा घर सोडून पळण्याची त्यांची प्रवृत्ती, हे सारे पुष्कळ अंशी आईकडून आणि तिने ज्यांच्याशी संग केला त्या नरांकडून आलेले असते. राणी बदलली की दीड-दोन महिन्यांत सारी वसाहतच बदलते, कारण तेवढ्या अवधीत जुन्या कामकरी माश्या मरून नव्या राणीच्या लेकींनी त्यांची जागा घेतलेली असते. म्हणूनच छंद म्हणून मधमाशी पाळणाऱ्यानेही राणी कशी निर्माण होते आणि कशी निवडावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

येथे कोणत्या माशीविषयी आपण बोलत आहोत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. नवी मुंबईच्या उंच इमारतींच्या सज्जांखाली जे भलेमोठे एकच पोळे लोंबताना दिसते ते आग्या माशीचे. ती उघड्यावर राहते, पेटीत कधीच नांदत नाही. तिच्या वाटेला न जाणे बरे. फुलोरी माशी झुडपात लहानसे पोळे बांधते, तीही पेटीत राहात नाही. पेटीत राहते ती सातेरी. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकामागे एक समांतर पोळी बांधणारी ही आपली देशी माशी. याखेरीज पाश्चात्य मेलिफेरा माशी आहे. १९६०च्या दशकात तेव्हाच्या पंजाबातील नगरोटा बगवाँ येथे तिचे भारतात यशस्वी पालन सुरू झाले आणि पुढे ती देशाच्या मैदानी भागांत पसरली. शेतांच्या फुलोऱ्यामागे पेट्या ट्रकमधून फिरवणाऱ्या व्यावसायिकाला ती परवडते. कोकणातल्या पावसाळ्यात, एकाच जागी ठेवलेल्या दोन पेट्यांच्या छंदाला मात्र सातेरीच योग्य. महाबळेश्वरचे मधपालन सातेरीवरच उभे राहिले आणि २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झालेले जवळचे मांघर गावही याच माशीसाठी ओळखले जाते. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेनेही या माशीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

अंडे तेच, आहार वेगळा

प्राचीन ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलसारखा निरीक्षकसुद्धा राणीमाशीला 'राजा' समजत होता. एवढ्या मोठ्या राज्याचा प्रमुख स्त्री असेल, हे युरोपातील विद्वानांना पुढेही कित्येक शतके पटत नव्हते. सतराव्या शतकात डच संशोधक यान स्वामरडाम याने सूक्ष्मदर्शकाखाली राणीचे विच्छेदन करून तिच्या पोटातील अंडाशय पाहिले, आणि राजाची राणी झाली. त्याच्याही आधी, १५६८ साली, निकेल याकोब नावाच्या जर्मन मधपाळाने एक गोष्ट लिहून ठेवली होती. राणी नाहीशी झालेल्या वसाहतीला कोवळ्या अळ्या असलेल्या पोळ्याचा तुकडा दिला, तर माश्या त्यातून नवी राणी तयार करतात, ही ती गोष्ट. आज साऱ्या जगात चालणाऱ्या राणी-संवर्धनाचे मूळ या निरीक्षणात आहे.

राणीचे अंडे आणि कामकरी माशीचे अंडे यांत काहीही फरक नसतो. तीन दिवसांनी अंड्यातून अळी बाहेर येते. पहिले काही दिवस सर्वच अळ्यांना तरुण दाई माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारा पांढरट रस मिळतो. पुढे कामकरी होणाऱ्या अळीच्या आहारात मध आणि पराग मिसळला जातो; राणी होणाऱ्या अळीला मात्र कोष विणेपर्यंत रॉयल जेली नावाने ओळखले जाणारे तेच अन्न, आणि तेही न मोजता, दिले जाते. तिचे घरही निराळे असते. षट्कोनी न राहता ते शेंगदाण्याच्या शेंगेसारखे खाली लोंबते. सातेरीत राणी अंड्यापासून सुमारे पंधरा-सोळा दिवसांत बाहेर येते, कामकरीला त्याहून अधिक आणि नराला सर्वाधिक काळ लागतो.

केवळ खाण्यातील फरकामुळे एक बहीण काही आठवडे राबून मरते आणि दुसरी दोन-तीन वर्षे रोज शेकडो अंडी घालत राहते, हे कोडे शास्त्रज्ञांना फार दिवस छळत होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली अळ्यांमधील एक विशिष्ट जनुक निष्प्रभ करून पाहिले. डीएनएवर रासायनिक खुणा करणाऱ्या विकराचे हे जनुक. ते मंदावताच बहुसंख्य अळ्या रॉयल जेलीचा राजेशाही थाट न मिळताही राणीसारख्या वाढल्या. याचा अर्थ असा, की राणी होण्याची सारी सामग्री प्रत्येक मादी अळीत असतेच. आहार फक्त तिच्यातील काही कळा उघड्या ठेवतो आणि काही बंद करतो.

मधपाळाच्या दृष्टीने या विज्ञानाचा व्यावहारिक अर्थ अगदी सरळ आहे. राणी करण्यासाठी निवडलेली अळी जितकी कोवळी, तितकी राणी चांगली. चोवीस तासांच्या आतली असेल तर उत्तम. दोन-अडीच दिवसांच्या अळीपासूनही माश्या राणी करतात, परंतु तिच्या अंडाशयात अंडनलिका कमी असतात आणि शुक्रकोषही लहान राहतो. बाहेरून ती राणीच दिसते. तिची खरी किंमत सहा महिन्यांनी कळते, जेव्हा पेटी वाढायला हवी त्या हंगामात ती वाढत नाही.

नैसर्गिक अवस्थेत वसाहत तीन प्रसंगी नव्या राणीच्या तयारीला लागते. घर भरले आणि अर्ध्या माश्या जुन्या राणीला घेऊन बाहेर पडणार असल्या, की पोळ्याच्या खालच्या कडेला अनेक राणीघरे दिसू लागतात. राणी म्हातारी किंवा अधू झाली असेल तर माश्या गाजावाजा न करता एक-दोन राणीघरे बांधतात आणि तिला बदलतात. तिसरा प्रसंग संकटाचा. राणी अचानक मेली, पेटी तपासताना चौकटीखाली चिरडली गेली, की माश्या हाती असलेल्या अळ्यांपैकी काहींना घाईघाईने राणी करू लागतात. घाईत केलेली ही निवड बहुधा वयाने मोठ्या अळीची असते. सातेरीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. राणी गेल्यावर काही दिवसांतच कामकरी माश्यांपैकी काही जणी स्वतः अंडी घालू लागतात. त्या अंड्यांना फलनच नसल्याने त्यांतून केवळ नर निपजतात आणि वसाहत हळूहळू विझते. एका घरात चार-चार अंडी, तीही तळाशी नव्हे तर भिंतींना चिकटलेली दिसली, तर समजावे की उशीर झाला आहे. राणी गेली आहे हे आठवड्याभरात लक्षात आले पाहिजे. महिन्यातून एकदा पेटी उघडणाऱ्याला ते लक्षात येत नाही.

उघड्या आकाशातले लग्न

गायी-म्हशींची पैदास करणारा वळू निवडतो. मधमाशीच्या बाबतीत ते जमत नाही. कोषातून बाहेर पडल्यावर आठवड्याभरात कुमारी राणी दुपारच्या उन्हात पेटीबाहेर झेप घेते. हवेत ठरावीक ठिकाणी आजूबाजूच्या वसाहतींतील नर घिरट्या घालीत असतात. तेथे एक-दोन उड्डाणांत ती दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक नरांशी संग करते, त्यांचे शुक्र पोटातील कोषात साठवून परत येते, आणि त्या साठ्यावर उरलेले सारे आयुष्य काढते. हे मीलन पेटीच्या बाहेर होते, ही गोष्ट अठराव्या शतकात स्लोव्हेनियाच्या आंतोन यान्शा याने नमूद केली. व्हिएन्नाच्या दरबारात मधमाशीपालन शिकवणाऱ्या याच यान्शाचा जन्मदिवस म्हणून २० मे हा दिवस २०१८पासून जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळला जातो.

नराची गोष्टही मजेशीर आहे. तो अफलित अंड्यातून जन्मतो. त्याला बाप नसतो, आजोबा मात्र असतो! एकोणिसाव्या शतकात पोलिश धर्मगुरू यान जेरझोन याने हे सांगितले तेव्हा पुष्कळांनी त्याची टर उडवली होती. सातेरीच्या पोळ्यात नरांची घरे ओळखणे सोपे जाते, कारण त्यांच्या झाकणाच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते.

आता पावण्याच्या छंदिष्टाकडे परत येऊ. त्याने आपल्या दोन पेट्यांतली अधिक चांगली पेटी निवडली, तिच्यातून राणी तयार केली, तरी त्या राणीचा संग होणार तो आसपासच्या एक-दोन किलोमीटरच्या टापूतील नरांशी. हे नर पारसिकच्या उतारावरील एखाद्या ढोलीतले असतील, कारखान्याच्या जुन्या भिंतीतील वसाहतीतले असतील, किंवा शेजारच्या हौशी मधपाळाच्या पेटीतले असतील. म्हणजे निवडीचा निम्मा भाग त्याच्या हातात नाही. परदेशांत १९२०च्या दशकापासून राणीचे कृत्रिम रेतन करता येते. परंतु त्याला लागणारी उपकरणे आणि कसब पाहता तो मार्ग प्रयोगशाळेचा आहे, गच्चीचा नव्हे.

ही परिस्थिती दुर्दैवाची आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. अनेक नरांशी संग होण्यात वसाहतीचे हित असते. कॉर्नेल विद्यापीठातील हेदर मॅटिला आणि थॉमस सीली यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पंधरा नरांच्या शुक्राने फलित झालेल्या राण्यांच्या वसाहतींनी एका नरापासून फलित झालेल्या राण्यांच्या वसाहतींपेक्षा कितीतरी अधिक पोळी बांधली आणि अधिक अन्न साठवले. वेगवेगळ्या बापांच्या लेकी वेगवेगळ्या कामांत तरबेज असतात, त्यामुळे घर नीट चालते.

याची उलट बाजू अधिक गंभीर आहे. मधमाशीचे लिंग एका जनुकाच्या दोन प्रतींवरून ठरते. दोन्ही प्रती निराळ्या असतील तर मादी. एकच प्रत असेल तर नर. मात्र राणीचा संग तिच्या भावांशीच झाला, तर फलित अंड्यांपैकी निम्म्यापर्यंत अंड्यांत दोन्ही प्रती सारख्या येऊ शकतात. त्यांतून निरुपयोगी नर निपजणार हे कामकरी माश्यांना जणू कळते आणि त्या अळ्या कोवळ्या असतानाच त्या खाऊन टाकतात. पोळ्यावर त्याची खूण राहते. झाकलेल्या घरांच्या मधे मधे रिकामी घरे, चाळणीसारखे दिसणारे पोळे. एकाच पेटीपासून वाटत वाटत पाच पेट्या केल्या, आसपास दुसरी वसाहत नाही, अशा ठिकाणी हे हमखास घडते. सगळ्या पेट्यांत आपल्या सर्वोत्तम राणीच्याच लेकी बसवण्याचा मोह होतो, आणि नेमकी तीच चूक ठरते.

वहीतली पारख

राणी हातात धरून तिची पारख होत नाही. लांब, तकतकीत, सोनेरी राणी पाहून भाळणारे पुष्कळ; तिच्या रंगाचा तिच्या गुणांशी फारसा संबंध नाही. पारख करायची ती तिच्या संसाराची, आणि त्यासाठी लागते एक वही. प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा आणि दर तपासणीनंतर चार ओळी लिहाव्यात. वर्षभराच्या नोंदी हातात आल्याशिवाय कोणत्याही राणीला 'चांगली' म्हणू नये. एका हंगामात जांभळाने किंवा तिवराने हात दिला म्हणून भरलेली पेटी ही राणीची करामत असेलच असे नाही.

शहरात पहिला निकष स्वभावाचा हवा, मधाचा नव्हे. चौकट उचलल्यावर माश्या पोळ्यावर शांत राहतात की धावत सुटून खाली घोस होऊन लोंबतात? अंगावर येतात का? पेटीपासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला त्रास होतो का? सुरक्षारक्षकाची चौकी, कामगारांची ये-जा, शेजारच्या इमारतीतील मुले यांच्या सान्निध्यात ठेवलेली पेटी तापट असून चालणार नाही. तापट वसाहतीला भरपूर मध असला, तरी तिच्या राणीची लेक पुढे चालवू नये. सातेरी स्वभावतः मवाळच असते. पण पेटीपेटीत फरक असतो आणि तो आनुवंशिक असतो.

दुसरा निकष घर न सोडण्याचा. हा सातेरीचा जुना दोष. अन्न संपले, मुंग्यांनी छळले, मेणकिड्याने पोळे पोखरले, किंवा मालकाने उत्साहाच्या भरात रोज पेटी उघडली, की सातेरी एके दिवशी सारा बाडबिस्तरा आवरून निघून जाते. कोकणातील पावसाळा ही तिची खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर बाहेर मकरंद मिळत नाही, बाहेर पडण्याएवढी उघडीपही मिळत नाही. साखरेचा पाक देऊन सर्वच पेट्या जगवाव्यात, परंतु तुलनेने कमी पाकावर, पिलावा आटोपता ठेवून, साठवण जपत ऑक्टोबर गाठणारी वसाहत वहीत तांबड्या शाईने लिहावी.

तिसरा निकष रोगाचा. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सातेरीचा महाराष्ट्रातील आणि दक्षिण भारतातील इतिहास या एका रोगाने बदलला. थाय सॅकब्रूड नावाचा विषाणू १९७०च्या दशकात थायलंडमध्ये आढळला, त्याच दशकात ईशान्य भारतात पोहोचला, आणि १९९१-९२च्या सुमारास दक्षिण भारतात त्याने सातेरीच्या पेट्यांचा अक्षरशः फडशा पाडला. अळी कोष करण्याआधीच मरते, तिची कातडी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते आणि घरात ती डोके वर करून होडीच्या टोकासारखी उभी दिसते. यावर औषध नव्हते, आजही खात्रीचे औषध नाही. केरळात ज्यांच्या पेट्या ओस पडल्या त्या मधपाळांचा व्यवसाय पुन्हा उभा राहिला तो निवडीच्या जोरावर. साथीतून ज्या थोड्या वसाहती वाचल्या, त्यांच्यापासूनच पुढच्या राण्या वाढवल्या गेल्या. दक्षिण कोरियातही या रोगाने २००९नंतर देशी माशीची दाणादाण उडवल्यावर तेथील कृषी संशोधकांनी हाच मार्ग धरला.

रोगप्रतिकाराची एक साधी चाचणी कोणालाही करता येते. झाकलेल्या कामकरी कोषांपैकी एका ठिकाणचे पन्नास कोष बारीक टाचणीने टोचावेत आणि चोवीस तासांनी पाहावे. मेलेले कोष माश्यांनी उपसून घरे स्वच्छ केली असतील, तर त्या वसाहतीची सफाईची सवय चांगली. निम्मेअधिक तसेच पडून असतील, तर ती राणी आईपणासाठी निवडू नये. पन्नास पिल्लांचा हा बळी काहींना क्रूर वाटेल. पण वर्षातून दोनदा केलेल्या चाचणीने वसाहतीचे काही बिघडत नाही.

पिलाव्याची सलगता हा चौथा निकष. चौकटीच्या मध्यापासून कडेपर्यंत झाकलेली घरे सलग असावीत, रिकामी घरे तुरळक. मधाचा निकष मी शेवटी ठेवतो. सातेरी शहरात वर्षाला काही किलो मध देते. औद्योगिक पट्ट्यातील मध खाण्यापूर्वी एकदा तपासून घेतलेला बरा. ज्याला केवळ मधच हवा आहे, त्याने तो दुकानातून आणावा, स्वस्त पडेल.

दुरून राणी मागवण्याचा विचार काहींच्या मनात येतो. महाबळेश्वरच्या थंड, दाट जंगलातील वसाहत आणून खाडीकाठच्या दमट उकाड्यात ठेवणे हा माश्यांवर अन्यायच आहे. सातेरीतही डोंगरी आणि सपाटीची अशी रूपे आहेत. २०२२ साली केरळच्या संशोधकांनी पश्चिम घाटातील काळसर माशीला 'एपिस करिंजोडियन' असे नाव देऊन ती स्वतंत्र जात असल्याचा दावा केला. तो दावा सर्वमान्य झालेला नाही. परंतु आपण ज्याला सरसकट सातेरी म्हणतो त्यात केवढी विविधता आहे, याची जाणीव त्याने करून दिली. पेटीबरोबर रोगही प्रवास करतो, ही बाब वेगळीच. त्यामुळे सुरुवात करावी ती जवळच्या परिसरातील वसाहतीपासून, आणि तीही प्रशिक्षित माणसाकडून रीतसर घेतलेल्या. ढोल्या फोडून जंगली वसाहती आणण्याने नेमके तेच नर नाहीसे होतात, ज्यांच्यावर आपल्या राणीचे लग्न अवलंबून आहे.

राणी घडवताना

अमेरिकेतील जी. एम. डूलिटल यांनी १८८९ साली मेणाच्या कृत्रिम वाट्यांत अळ्या उचलून ठेवून राण्या वाढवण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. आजचे व्यावसायिक तीच वापरतात. सातेरीच्या इवल्या अळ्या सुईवर उचलणे नवख्याला जमत नाही आणि माश्याही पुष्कळ वाट्या नाकारतात. दोन-तीन पेट्यांच्या मालकाने त्याहून सोपा मार्ग धरावा.

पावसाळा सरून परागाची आवक वाढली, पेट्यांत नर दिसू लागले, म्हणजे हंगाम आला असे समजावे. नर दिसण्यापूर्वी राणी करण्यात अर्थ नाही. तिचे लग्न लागणार कोणाशी? निवडलेल्या राणीच्या पेटीत मधोमध एक नवे, कोरे पोळे द्यावे आणि त्याची खालची कड करवतीच्या दातांसारखी कापून ठेवावी. राणी त्यात अंडी घालते. पहिल्या अळ्या फुटताच, म्हणजे अंडी घातल्यापासून तीन-चार दिवसांनी, ती चौकट माश्यांनी भरलेल्या पण राणी काढून घेतलेल्या पेटीत हलवावी. सातेरीला पोळ्याच्या कडेला राणीघरे बांधण्याची सवय असल्याने कापलेल्या कडेवरील कोवळ्या अळ्यांभोवती ती राणीघरे उभारते. चार-पाच दिवसांनी त्याच पेटीतील इतर चौकटी नीट तपासून तेथील राणीघरे मोडावीत, नाहीतर न निवडलेल्या वंशाची राणी आधी बाहेर येऊन बाकीच्यांचा निकाल लावते.

अळ्या दिल्यापासून नवव्या-दहाव्या दिवशी राणीघरे पक्व होत आलेली असतात. सातेरीत याची एक सुरेख खूण आहे. राणीघराच्या टोकावरचे मेण माश्या कुरतडून काढतात आणि आतील तपकिरी कोष उघडा पडतो. असे घर थोड्या पोळ्यासह अलगद कापून, टोक खालीच ठेवून, न हलवता, दोन-तीन चौकटींच्या लहान वसाहतीत बसवावे. त्या वसाहतीत दाई माश्या, मध आणि पराग पुरेसा असावा. नंतर मात्र हात आवरावेत. तीन आठवडे पेटी न उघडणे हे नवशिक्यासाठी सर्वांत कठीण काम असते.

एक खबरदारी हमखास विसरली जाते. माश्या पळून जाऊ नयेत म्हणून प्रवेशद्वाराला जी जाळी लावतात, तिच्यातून कामकरी जाते, राणी जात नाही. नवी राणी येण्याआधी ही जाळी काढलीच पाहिजे. न काढल्यास राणी कुमारीच राहते, आणि कुमारी राणीच्या पेटीत पुढे नरांखेरीज काही निपजत नाही. मीलन-उड्डाणाच्या दिवसांत पावण्यासारख्या ठिकाणी आणखी एक संकट संभवते, ते डासांसाठी होणाऱ्या धूरफवारणीचे. परिसरात ती केव्हा होते याची माहिती आधी घेऊन ठेवावी.

तीन आठवड्यांनी घराघरात तळाशी एकेक अंडे दिसले, की राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यावा. जगभरचे मधपाळ यासाठी एक संकेत पाळतात. सालाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ असेल तर पिवळा, ३ किंवा ८ला लाल, ४ किंवा ९ला हिरवा, ५ किंवा ०ला निळा. ठिपक्यावरून वय कळते, आणि ठिपका नसलेली राणी दिसली तर मधल्या काळात माश्यांनी आपल्याला न विचारता राणी बदलली, हेही कळते. अशा वेळी रागावू नये. त्यांचा निर्णय पुष्कळदा आपल्यापेक्षा बरा असतो.

चार राणीघरे लावली तर दोन-तीन राण्या यशस्वी होतात. बाकीच्यांना उड्डाणात कोतवाल किंवा वेडा राघू टिपतो, काही वाट चुकतात. उरलेल्या सगळ्या स्वतःच ठेवण्याऐवजी एक-दोन लहान वसाहती घणसोली, महापे, कोपरखैरणे येथील दुसऱ्या हौशी मधपाळांना द्याव्यात आणि त्यांच्याकडील वेगळ्या वंशाची एखादी आपल्याकडे आणावी. जुनी राणी लगेच मारू नये. तिला दोन चौकटींच्या पेटीत बाजूला ठेवावे. नवीचा पिलावा सलग आणि लेकी शांत निघाल्या, असे वहीत दोन महिने लिहिले गेल्यानंतरच तिचा विचार करावा.